मॉस कुणाच्या हातचं खात नाही

१९ फेब्रुवारी

ही वही दुकानात शेवटची उरलेली. पुठ्ठ्यावर डायनासोर आहे. काही घडलं म्हणून घेतली नाही, सगळं ठप्प झालं म्हणून घेतली. मोहुआ फ्लॅट गावाच्या पुढच्या चढावर व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. आधी वास आला, मग आवाज, मग दोन्ही बंद. तशीच मागे घरंगळत आले ती थेट गॅरेजच्या दारात, एवढं एक नशीब.

गॅरेजवाला बेव्हन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर त्याने आधी चहा टाकला, त्यावरूनच मी ओळखलं. पार्ट उत्तरेकडून यायचा, दोन-तीन आठवडे धरून चाल म्हणाला. मला एक मार्चला दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरात कालवं उघडायच्या कामावर हजर व्हायचंय. आजवर मी कुठेच वेळेवर हजर झालेली नाही, पण या वेळी मनावर घेतलं होतं. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, त्याला सात वर्षं झाली आणि गावं झाली चौदा. कातरणीच्या शेडमध्ये लोकर उचलली, किवी तोडली, एक हिवाळा स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात माणसं बसवली. सहा महिन्यांवर कुठे टिकले नाही. माझं नाव मेरे. नॅन, म्हणजे आजी, म्हणायची, मेरे, तुझ्या पायाला जन्मतःच भिंगरी आहे.

बेव्हनने व्हॅन ढकलत दुकानामागे लावून दिली. दुकान नोएलीनबाईंचं. मी आपलं घरच्या सवयीने आंटी म्हणून गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, साठ वर्षांत मला कुणी आंटी म्हटलं नाही, चालू दे, कानाला बरं लागतंय.

२१ फेब्रुवारी

दुकानामागच्या ओढ्यात एक ईल, म्हणजे सापासारखी लांब मासळी आहे, माझ्या दंडाएवढी जाड. तिचा फोटो काढायला गेले होते. कॅमेरा गेल्या वर्षी एका प्रवाशाकडून झोपायच्या पिशवीच्या बदल्यात घेतला, त्यात आत्तापर्यंत ढग आणि फाटकंच आहेत. ईल काही आली नाही. आंटी मागच्या दारी पाइकलेटला, म्हणजे त्यांच्या बुटक्या टेरियर कुत्र्याला, चीज रोल देत होत्या. काउंटरवर विकायचे ते कांद्याचे, कुत्र्याला कांदा बाधतो म्हणून त्याच्यासाठी दोन बिनकांद्याचे वेगळे भाजतात.

रोल हवेत होता तेव्हा मी सहज बटण दाबलं.

फोटो बघितला आणि ओढ्याकाठी बसून एकटीच हसत सुटले. एक डोळा रोलवर, दुसरा देवाकडे. वरचा ओठ उडून नाकावर गेलेला. एक कान उलटा. माझ्या मामाच्या लग्नात मामा असाच दिसत होता.

आणखी सहा काढले. दुसरा रोल निम्मा पाइकलेटने खाल्ला, निम्मा मी. बिनकांद्याचा फिका लागतो.

२५ फेब्रुवारी

आंटींनी गोर गावातून फोटो छापून आणले आणि दुकानाच्या काचेला लावले. खाली हाताने लिहिलं: तुमच्या कुत्र्याचाही काढून मिळेल.

इथले कुत्रे कामाचे. मेंढ्या वळायच्या, पिंजऱ्यात झोपायचं, दिवसातून एकदा खायचं. त्यांना खाऊ देणं म्हणजे नांगराला पावडर लावण्यासारखं आहे, असं काल पेट्रोल भरायला आलेले तिघं काचेसमोर उभं राहून मोठ्याने म्हणाले. आज त्यातला एक एकटा आला. बायकोने पाठवलंय म्हणाला. तासाभराने दुसरा आला, त्यालाही बायकोने पाठवलं होतं. तिसऱ्याचं लग्न झालेलं नाही, तर त्याने आईचं नाव घेतलं.

एकाच्या कुत्र्याने वाळवलेल्या फुफ्फुसाचा तुकडा असा चावला की चारही पाय जमिनीवरून सुटले. मालक हसता हसता कुंपणाला टेकला. मग इकडेतिकडे बघून खिशातून स्वतःच आणलेला दुसरा तुकडा काढला.

मी प्रत्येक खाऊ आधी चाखून बघते. लेन्ससमोर काय चालणार हे माहीत नको का. कलेजीची बिस्किटं बरी आहेत. फुफ्फुस म्हणजे मीठ लावलेला पुठ्ठा.

२७ फेब्रुवारी

आज अब्रू गेली.

कान उभे राहावेत म्हणून मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारते. हे आजवर बिनबोभाट चाललं. आज शाळेच्या मैदानाशेजारच्या रस्त्यावर पाइकलेटचा फोटो काढताना एक लांब शिट्टी मारली आणि टोकाला वर उचलली. मागे कुणाची तरी पिकअप उभी होती. तिच्यातून दोन कुत्रे गोळीसारखे सुटले, कुंपणावरून पलीकडच्या टेकडीवर गेले आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत साठ-सत्तर मेंढ्या घेऊन खाली आले. फाटक उघडं होतं. मैदानावर मुलांच्या शर्यती चालल्या होत्या. मेंढ्या तिसऱ्या ओळीतून धावल्या आणि मुलांच्या आधी दोरीपर्यंत पोचल्या.

पिकअपवाला धावत आला. कुंपणं घालायचं काम करतो, लॅची नाव. मला वाटलं आता आरडाओरडा करेल. तो म्हणाला, ‘मी सहा महिने झाले तीच शिट्टी शिकवतोय. माझ्या शिट्टीला ते जागचे हलत नाहीत.’

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफी राहू दे, परत एकदा मारून दाखव. मग मेंढ्या परत नेईपर्यंत आम्ही तेच करत बसलो.

१ मार्च

आज ब्लफला मी नसताना कालवं उघडायला लागले असतील. फोन केला, जागा भरली म्हणाले. अजून एका बोटीचं नाव दिलंय, त्यांना एप्रिलमध्ये माणूस लागेल.

४ मार्च

आज डूगल मॅकरे दुकानात आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर डोंगरावर मेंढ्या वळल्या, रस्ता संपतो तिथल्या खोपटात राहतो. बोलतो कमी, आणि बोलतो तेही दाढीला सांगितल्यासारखं. त्याची कुत्री बाहेर पायरीवर बसली. नाव मॉस. भुंकून मेंढ्या हाकणाऱ्या जातीतली, काळी-तांबडी, तोंडावर पांढरी झालेली, बारा वर्षांची. ऐकायला निम्मंच येतं. मी तिला बिस्किट दाखवलं. तिने सभ्यपणे मान वळवली, जसं आपण न मागता पुढे केलेल्या दारूला नको म्हणतो.

डूगल गेल्यावर आंटींनी सांगितलं. एकोणतीस मार्चला मुलगी येऊन त्याला ऑकलंडला नेतेय, सहाव्या मजल्यावर. गुडघे गेलेत, एकटा राहण्यात अर्थ नाही. तिथे कुत्रा चालत नाही. त्याचे बाकीचे तीन कुत्रे कामाचे होते, लगेच दुसऱ्यांकडे गेले. मॉस उरली. पुष्कळांनी मागितली, पण ती डूगलशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. डोंगरात पॉसम नावाचे उपद्रवी प्राणी मारायला विषाच्या गोळ्या टाकतात, म्हणून पिल्लू असतानाच त्याने शिकवलंय, जमिनीवरचं तोंडात घालायचं नाही, परक्याचं घ्यायचं नाही. आंटींनी तिला दोन दिवस ठेवली. वाडग्यात मटण ठेवलं, रस्सा ठेवला. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गायब, नऊ किलोमीटर चालत घरी. लॅचीकडेही तेच.

डूगलचं म्हणणं, ज्याच्या हातचं खाईल त्याची ती. आणि कुणाच्याच हातचं नाही खाल्लं तर जायच्या आदल्या दिवशी तो आणि मॉस वरच्या खिंडीपर्यंत एक चक्कर मारून येतील.

मला ते फार आवडलं. शेवटचा फेरफटका. मी म्हटलं त्याचाही फोटो काढायला हवा. आंटी स्वच्छ असलेलं काउंटर पुसत राहिल्या.

मी ठरवलंय. मॉसचा असा एक फोटो काढायचा, खाताना, वेडंवाकडं तोंड केलेला, की बघणारा म्हणेल ही कुत्री मला हवीच. मग तो माणूस तिच्यासाठी धीर धरेल. नाहीतर बारा वर्षांच्या अर्ध्या बहिऱ्या कुत्रीसाठी कोण थांबतंय.

६ मार्च

डूगलच्या खोपटावर गेले. लॅचीने सोडलं, त्याचं तिकडे कुंपणाचं काम होतं. काय काम ते दिसलं नाही.

चीज, सॉसेज, उकडलेलं अंडं. मॉसने तिन्हींना मान वळवली. तासभर मी गवतात पालथी पडून होते. शेवटी भूक लागली, पायरीवर बसून सॉसेज मीच खायला लागले. तेव्हा मात्र ती उठून आली, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझी कीव आली असणार. लाळेची तार थेट माझ्या बुटात. फोटो काढला पण मी चावत होते म्हणून हलला. तोवर सॉसेज संपलं होतं, मग ती परत जाऊन बसली.

परत येताना आकाशात एक ढग होता अगदी किटलीसारखा, तोटीसकट. लॅचीने गाडी थांबवून तो बघू दिला. तोटी विरघळेपर्यंत थांबलो.

९ मार्च

पार्ट आला. बेव्हनला म्हटलं, घाई नको करूस, बारा तारखेला लॅचीच्या एका कुत्र्याचा फोटो आहे आणि मॉसचं व्हायचंय. बेव्हन म्हणाला, मी कुठे घाई करतोय. मग आंटींकडे बघून उगाच खोकला.

१२ मार्च

लॅचीच्या कुत्र्याचा तिसऱ्यांदा काढला. पहिल्यांदा डावा कान नीट आला नव्हता, दुसऱ्यांदा उजवा. आज दोन्ही आले. आता म्हणतो शेपूट राहिली. एवढा चिकित्सक माणूस मी पाहिला नाही.

१३ मार्च

आज काचेची युक्ती केली. काचेच्या तुकड्याला मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावायचा तो खारट काळा लेप, फासायचं, कुत्रा चाटायला लागला की पलीकडून फोटो. जीभ अशी पसरते की जणू कुत्र्याला दोन चेहरे आहेत. पाइकलेटला सोबत नेलं होतं, त्याचं बघून तरी मॉस शिकेल. पाइकलेट अर्ध्या मिनिटात पुसून मोकळा. मॉससाठी परत फासलं, तर ती काचेसमोर चर्चमध्ये बसल्यासारखी.

काचेवरचं थोडं मी बोटाने चाटलं. मग लेन्स पुसायला वळले. परत बघते तर काच चकचकीत. पाइकलेटचंच काम, दुसरं कोण. तो लांब खुराड्याजवळ झोपला होता, पण झोपेचं सोंग त्याला छान जमतं.

डूगल पायरीवर ब्रेड खात हे सगळं बघत होता. एक घास त्याचा, एक मॉसचा, एक त्याचा, एक मॉसचा. त्याच्या हातचं कसं खाते बघा. डोळे मिटून, ओठ मागे ओढून, म्हातारी बाई गरम बटाटा खाते तशी. कॅमेरा उचलला की तो ब्रेड खाली ठेवतो. म्हणतो, माझ्या हातचा फोटो घेऊन काय करणार, मी तर चाललो.

१७ मार्च

आज लॅचीने सांगितलं. मी त्याला विचारत होते की खिंडीतला फोटो सकाळच्या उन्हात चांगला येईल की दुपारच्या. तो गाडी चालवत होता, त्याने ती कडेला घेतली.

‘मेरे, तो बंदूक घेऊन जाणार आहे.’

मी म्हटलं, कशाला.

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला समजायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी मेंढ्यांच्या मुलखात वाढले, म्हाताऱ्या कुत्र्यांचं काय होतं हे मला माहीत नाही असं नाही. पण मी तिथे आनंदाने उन्हाचं विचारत बसले होते.

१८ मार्च

डूगलकडे चालत गेले, नऊ किलोमीटर, रागाने. पोचेपर्यंत राग पायात उतरला. त्याने चहा दिला.

मी म्हटलं, हे असं कसं करू शकता तुम्ही. त्याने कप फिरवला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलला.

‘पोरी, हिच्या आधी फर्न होती. मी कंबर मोडून दवाखान्यात. शेजाऱ्याकडे ठेवली. चांगला माणूस. अकरा दिवस खाल्लं नाही तिने. माझ्या फाटकाशी येऊन पडली आणि तिथेच मेली, रस्त्याकडे बघत. मी परत आलो तेव्हा ते गवत अजून दबलेलं होतं.’

मी कप खाली ठेवला.

‘हिला मी तसं वाट बघत ठेवणार नाही. माझ्याबरोबर असेल, शेवटपर्यंत. तिला कळणारही नाही.’

मॉस आमच्या दोघांच्या मध्ये झोपली होती. पाय झोपेत हलत होते, मेंढ्या हाकत असेल. मी राग घेऊन गेले होते तो तिथेच राहिला बहुतेक, येताना सोबत नव्हता. तो दुष्ट असता तर सोपं होतं.

डूगल जायला अकरा दिवस उरलेत.

२४ मार्च

काचेवर मॉसची जाहिरात लावली. फोटो पाठमोरा, दुसरा नव्हताच. गोरहून एक कुटुंब आलं, चांगली माणसं, मोठं अंगण. बाईने हातावर कोंबडीचा तुकडा धरला आणि पंचवीस मिनिटं तशीच बसून राहिली. मॉसने मान वळवली. जाताना त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, ती तुमच्याकडे सारखी बघते. मी म्हटलं, माझ्या खिशात बिस्किटं असतात ना.

बेव्हनने व्हॅन तयार केलीय. किल्ली आंटींच्या काउंटरवर आहे. दोन दिवस मी काउंटरच्या त्या बाजूला जातच नाहीये.

एप्रिलच्या बोटीवाल्याने होकार कळवलाय. सहा तारखेला हजर व्हायचं.

२८ मार्च

सगळं नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी आंटींनी पिशवी हातात दिली. चार चीज रोल, बिनकांद्याचे, अजून गरम. म्हणाल्या, निदान पोटभर वास तरी घेऊ दे तिला. आणि लगेच आत गेल्या. मी व्हॅनची किल्ली घेतली आणि निघाले. कॅमेरा विसरले. हा कॅमेरा मी झोपेतही उशाशी ठेवते.

डूगल खोपटात बूट घालत होता. बंदूक दाराशी टेकून ठेवलेली. त्याने मला बघितलं आणि बुटांच्या नाड्यांकडे परत वळला. मी पायरीवर बसले. मॉस येऊन शेजारी बसली, खांद्याला खांदा.

मी रात्रीपासून जेवले नव्हते. रडू येत होतं आणि रडू आलं की मला खायला लागतं, लहानपणापासून तसंच आहे, नॅनच्या अंत्यविधीला... नाही, ते राहू दे. पिशवीतला एक रोल काढला, अर्धा खाल्ला. बिनकांद्याचा, फिका. मला तो जाईना. हात खाली लोंबत होता, उरलेला अर्धा हातात तसाच.

हात हलका झाला.

मला आधी वाटलं पडला. खाली बघितलं तर मॉस डोळे मिटून, ओठ मागे ओढून, गरम बटाट्यासारखं चघळत होती. चीजची एक दोरी तिच्या नाकावरून कानापर्यंत गेलेली.

मी दुसरा रोल काढला, तसाच पुढे धरला. तिने मान वळवली. मागून डूगलचा आवाज आला.

‘चाव.’

‘काय?’

‘तू आधी चाव. अर्धवट खाल्लेलं दे.’

मी चावला. दिला. तिने घेतला.

डूगल एक बूट घालून दारात उभा होता. तो हळूच माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. आपल्याच हातांकडे बघत राहिला.

‘बारा वर्षं,’ तो म्हणाला. ‘डोंगरावर एकच डबा. एक घास माझा, एक तिचा. मी तिला हे शिकवलं नाही, पोरी. मला माहीतच नव्हतं मी आधी खातो.’

म्हणजे सगळे तिच्यापुढे वाडगं ठेवत होते, हात धरत होते, आणि खाताना स्वतः दुसऱ्या खोलीत जात होते. विष नाही हे तिला कुणीतरी आधी खाऊन दाखवायला हवं होतं. किंवा तसंही नसेल. जेवायला कुणीतरी सोबत हवं होतं, एवढंच असेल.

मला सॉसेज आठवलं. काच आठवली. पाइकलेटची मी मनातून माफी मागितली.

मी डूगलला म्हटलं, आता सगळ्यांना हे सांगू या. गोरच्या बाईंना फोन करते, त्या आजच येतील. त्याने दाढी खाजवली.

‘मी काय म्हणालो होतो?’

‘ज्याच्या हातचं खाईल...’

‘मग.’

मी म्हटलं, मी व्हॅनमध्ये राहते. सहा तारखेला मला ब्लफला जायचंय. मी कुठेच सहा महिन्यांवर राहत नाही.

तो उठला, बंदूक उचलून आत नेली, तिच्यातून काडतूस काढल्याचा आवाज आला. परत येऊन पायातला एकुलता बूट काढून टाकला आणि म्हणाला, ‘चहा टाकतो.’

२९ मार्च

डूगलची मुलगी दुपारी येणार होती. डूगलला सोबत न्यायला एक फोटो हवा होता, मॉसचा, खातानाचा. आता तोच मागत होता.

अडचण अशी की मी चावल्याशिवाय ती खाणार नाही, आणि चावत असताना माझ्याकडून फोटो हलतो. मग लॅचीच्या हातात कॅमेरा दिला. तो आधीच येऊन उभा होता, कुत्र्याच्या शेपटीचं काम राहिलं होतं ना. चीज रोल संपलेले, आंटींच्या पिशवीत फक्त वाळवलेलं फुफ्फुस. एक तुकडा मी, एक मॉस. लॅची म्हणायचा, परत, डोळे मिटले. परत, मी हललो. अकरा तुकडे. माझी दाढ अजून दुखतेय. आंटी कुंपणाला धरून हसत होत्या, डूगलचे खांदे हलत होते, आवाज नव्हता.

नंतर बघितलं तर लॅचीने फक्त मॉसचा काढलाच नव्हता. प्रत्येक फोटोत आम्ही दोघी आहोत. एकीकडे डोकं तिरकं करून मागच्या दाढेने पुठ्ठा फाडणारी मॉस, शेजारी डोकं तिरकं करून मागच्या दाढेने पुठ्ठा फाडणारी मी. तोच डोळा मिटलेला. तीच जीभ बाहेर.

मी म्हटलं, मला काढून टाक यातून. डूगलने कॅमेऱ्याची छोटी काच डोळ्याजवळ नेली, लांब नेली.

‘हाच,’ म्हणाला.

गाडीत बसताना त्याने मॉसच्या डोक्यावर हात ठेवला नाही, नाव घेतलं नाही. कामावरून पाठवायचा तसा एक हात बाजूला केला फक्त. ती उठली, माझ्या पायाशी येऊन बसली आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली. मी खिशात हात घातला. बिस्किट होतं. अर्धं मी खाल्लं.

तिने घ्यायला खूप वेळ लावला. पण घेतलं.

९ एप्रिल

ब्लफला गेले नाही. निघाले होते, पाच तारखेला, सामान भरून. पण मॉसला व्हॅनमध्ये उलटी होते. पहिल्या वळणावर एकदा, दुसऱ्यावर दोनदा. तिसऱ्या वळणावरून परत फिरले. आता तिला गाडीची सवय होईपर्यंत आंटींच्या मागच्या खोलीत राहतेय. बेव्हन म्हणतो बारा वर्षांच्या कुत्रीला सवय लागायला वर्ष-दोन वर्षं लागतील. बघू. निदान हिवाळा तरी.

आमचा फोटो दुकानाच्या काचेवर मधोमध लावलाय. गावच्या हॉलमध्येही एक आहे, तिथे शंभर वर्षांतले मेंढ्या वळायच्या शर्यती जिंकलेले कुत्रे भिंतीवरच्या फोटोंत अगदी गंभीर बसलेत, त्यांच्या शेवटी आम्ही. काल तीन जण येऊन गेले, त्यांच्या कुत्र्यांबरोबर त्यांनाही चावतानाचा काढून हवाय. तिघांनाही बायकांनी पाठवलं होतं. लग्न न झालेल्यालाही.

लॅची उद्या परत त्याचा कुत्रा घेऊन येणार आहे. आता कसला राहिलाय म्हटलं, तर म्हणाला, पंजे. एवढ्या फोटोंचं हा करतो काय कुणास ठाऊक. आंटींना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुझ्यासारखी आंधळी फोटोवाली मी पाहिली नाही, आणि कांदा चिरायला लागल्या.

डूगल रोज संध्याकाळी फोन करतो. सहाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, पण त्यावर मेंढ्या नाहीत म्हणतो. मॉसने काय खाल्लं हे तो विचारत नाही. ती माझंच खाते हे त्याला माहीत आहे. म्हणून तो विचारतो, ‘पोरी, आज तू काय जेवलीस?’

नॅन गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी खोटंच सांगितलं, खरं तर चहा-बिस्किटावर भागवलं होतं. मॉसनेही त्या दिवशी चहा-बिस्किटावरच भागवलं. दुसऱ्या दिवसापासून मी शिजवायला लागले.

आज बटाटे आणि मटण आहे. ताट समोर आहे, मी इकडे लिहीत बसलेय आणि तिची हनुवटी माझ्या गुडघ्यावर आहे, लाळ डायनासोरवर. डोळे माझ्या हाताकडे नाहीत, तोंडाकडे. पेन ठेवते. मी पहिला घास घेतल्याशिवाय तिला जेवता येत नाही.